फुकटच्या सॉफ्टवेअरमधली माय

आमच्या घरात चोरीची एकही वस्तू नाही, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. चहा पुढे यायच्या आधीच सांगायचे. नवीन पाहुणा बिचारा गोंधळायचा, त्याला वाटायचं या माणसावर कुणी आळ घेतला की काय! बाबा आदिलाबादला तहसील कचेरीत नकला द्यायच्या टेबलावर होते. दिवसभर लोकांच्या जमिनीच्या पहाणीच्या, म्हणजे तुमच्याकडच्या सातबाराच्या, नकला काढायच्या, ताडून बघायच्या, खाली सही-शिक्का मारायचा. तामसीकडचा कुणी शेतकरी नक्कल लवकर मिळाली म्हणून खुशीनं वांगी, तुरीच्या शेंगा घेऊन घरी यायचा आणि बाबा ती पिशवी जशीच्या तशी त्याच्या हातात परत द्यायचे. माय आतून पाहायची. तो माणूस फाटकाबाहेर गेला की म्हणायची, "वांगे तं वापस केले, आता भाजी कायची करू, तुमच्या शिक्क्याची?" मग अंबाडीचा पाला निघायचा. आमच्याकडे अंबाडीची भाजी इतक्या वेळा झाली आहे की अजूनही तिचा आंबूस वास आला की मला वाटतं, आज कुणीतरी काहीतरी परत केलंय.

हे सगळं दुसऱ्या शीलामुळं. दर रविवारी विहारात पंचशील व्हायचं. भोंग्यातून आवाज अख्ख्या मोहल्ल्यावर जायचा, समोरच्या तेलुगू मास्तरांच्या पोरांनासुद्धा ते पाठ झालं होतं. लोक पाचही शीलं एका दमात म्हणून मोकळे व्हायचे. बाबा मात्र दुसऱ्यावर थांबायचे. जे दिलेलं नाही, ते घेणार नाही. त्यांच्या मते बाकी चारांत माणसाची परीक्षा क्वचित होते, या एकाची रोज होते. मला लहानपणी ते फार मोठे वाटायचे. आज काय वाटतं ते पुढे येईलच.

बीएस्सी होऊन मी घरी बसले होते, तेव्हा बसस्टँडजवळच्या राजन्नाच्या फोटो स्टुडिओत जायला लागले. राजन्ना मोठा दिलदार माणूस. तोंडात कायम बडीशेप, मराठी समजायचं पण बोलायचा हिंदी-तेलुगूची खिचडी. रोलचे कॅमेरे नुकते मागे पडत होते. त्यानं एक कॉम्प्युटर आणला होता आणि त्यावर फोटोशॉप. मी त्याच्या शेजारी बसून शिकले. आमच्या भागात तेव्हा सगळ्यात चालणारं काम म्हणजे मेलेल्या माणसांचे फोटो. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला कुणी म्हातारा जायचा आणि त्याचा फोटो म्हणजे रेशनकार्डावरचा नखाएवढा तुकडा. घरचे तो घेऊन यायचे. "ताई, आमच्या बाबाले निळा कोट घालून द्या. टाय लाल ठेवा." ज्यानं जन्मात धड शर्ट घातला नाही त्याला मी कोट शिवून द्यायचे, मानेपाशी नीट बसवायचे. हसू नका. आमच्या मोहल्ल्यात घराघरांत तो निळा कोट भिंतीवर आहे आणि कोटातला एकेक म्हातारा खालच्या पोरांवर नजर ठेवून आहे. त्या कोटाची किंमत आम्हालाच ठाऊक.

हात बसला तशी मी म्हटलं, आपण घरीच सुरू करावं. पुढची खोली रिकामी होती. एका बंद पडलेल्या इंटरनेट कॅफेतून जुना कॉम्प्युटर आणला. राजन्नानं आपण होऊन एक सीडी दिली. "ले जाओ अम्मा, फोटोशॉप है. पूरे आदिलाबाद में यही सीडी घूम रही." मी नाचतच घरी आले. बाबा ओसरीत चपला काढत होते. सीडी त्यांनी हातात घेतली, उलटी करून पाहिली, वर स्केच पेननं नाव लिहिलेलं.

"हे तुले कोनं देल्लं?"

"राजन्नानं."

"राजन्नाले कोनं देल्लं?"

"असंल कोणी हैदराबादचं. मला काय माहीत?"

"ज्यानं बनवलं त्यानं देल्लं का?"

आतून माय ओरडली, "अवं, पोट्टी खुशीत आली घरी, तुमी पहानी काऊन काढून राह्यले?" बाबांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. म्हणाले, "नक्कल मी बी देतो. सरकारनं सांगतलं म्हनून देतो. ही चोरीची नक्कल हाय. विकत घ्याची ताकद असंल तं घे, नाई तं सोड." विकत घ्यायची ताकद? बाबांचे कित्येक महिन्यांचे पगार गेले असते त्यात. तसेच उलट्या पावली ते बसस्टँडला गेले आणि सीडी राजन्नाला परत देऊन आले. मला सोबत नेलं होतं. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. राजन्ना बडीशेप चघळायची थांबवून माझ्याकडे बघत राहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग माझा आत्तेभाऊ मिलिंद सुट्टीत आला. तो हैदराबादला इंजिनिअरिंगला होता. त्याला मी रडतरडत सगळं सांगितलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "मामा बरोबर बोलून राह्यले. पण फुकटचं म्हंजे चोरीचंच असते असं नाई." पुढच्या खेपेला त्यानं सीड्या आणल्या. कॉम्प्युटर चालवायची सगळी व्यवस्थाच वेगळी आणि त्यात फोटोचं काम करायला गिंप नावाचं सॉफ्टवेअर. जगभरच्या लोकांनी आपापला वेळ देऊन बनवलेलं, कुणीही वापरावं, कुणालाही द्यावं, उघडून आतलं बघावं, बदलावं. बाबांचा विश्वास बसेना. एवढी चांगली वस्तू कुणी उगाच का देईल? त्यांनी मला परवानगीचा तो लांबलचक इंग्रजी मजकूर वाचायला बसवलं. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेले, ते कचेरीत बसल्यासारखे चष्मा लावून ऐकत होते. मधेच थांबवायचे, "पुन्हा वाच. 'देता येते' म्हनते की 'द्यावं' म्हनते?" भाकरी थंड झाल्या, मायनं दोनदा हाक मारली. शेवटी त्यांनी चष्मा काढला. "हे देल्लेलं हाय," म्हणाले. "घे." त्या दिवशी ते इतके खूश होते की मायला म्हणाले, आज वरणात तूप टाक.

गिंप सुरू होताना पडद्यावर एक प्राणी यायचा, तोंडात ब्रश धरलेला. आमचा कॉम्प्युटर म्हातारा, त्यामुळे तो प्राणी बराच वेळ बसून असायचा. माय त्याला कुत्रं म्हणायची. सकाळी तिचं झाडलोट आटोपलं की पुढच्या खोलीत डोकावायची, "तुहं कुत्रं उठलं का व?" मग पायाशी सूप घेऊन तूर निवडत बसायची. स्टॅबिलायझरची घरघर, सुपाची सळसळ आणि मधून मधून तिचे प्रश्न. हे बटन काय करते? एका जागचा रंग उचलून दुसऱ्या जागी लावता येतो हे तिला दाखवलं तेव्हा तिला फार नवल वाटलं. "म्हंजे ठिगळ लावल्यावानी. पन शिवन दिसत नाई."

मीही नव्यानं शिकत होते. फोटोशॉपमध्ये जिथं बोट जायचं तिथं इथं काही नसायचं, सगळी बटणं भलतीकडे. शिकवायला कोणी नाही. पण आलं हळूहळू. आणि एकदा आल्यावर, खोटं कशाला सांगू, राजन्नाच्या कामात आणि माझ्या कामात नखाचा फरक उरला नाही. कोट तसेच बसायचे, ओरखडे तसेच जायचे. फरक होता तो फक्त लोकांच्या डोक्यात.

एका म्हातारीचा फोटो आला होता. तिच्या नातवानं सांगितलं, कपाळावरचं गोंदण काढून टाका, गावंढळ दिसतं. मी काढलं. सफाईनं काढलं. माय तूर निवडता निवडता उठून जवळ आली. तिच्याही कपाळावर गोंदण होतं, मधोमध एक बारीक तुळस आणि हनुवटीवर तीन ठिपके. लग्नाआधी तामसीला कापूस वेचायला जायची तेव्हा गोंदणारीनं शेताच्या धुऱ्यावर बसवून टोचलेलं. "काऊन खोडलं व?" ती म्हणाली. मी म्हटलं, गिऱ्हाइकाला नको होतं. "नोको कसं? मेल्यावर डागिने तं लोक उतरवून घेते. गोंदन कोनी उतरवत नाई. तेवढंच बाईसंगं जाते." बाबा ओसरीतून म्हणाले, "काई संगं जात नाई, हे जुनं सोड आता." माय हसली. हसताना तिची एक भुवई वर जायची. मला म्हणाली, "माह्यं खोडू नोको बरं, सुजे." मी म्हटलं, काहीतरीच बोलू नको.

धंदा मात्र चालला नाही. माणसं यायची, बाकावर टेकायची, पहिला प्रश्न तोच, "फोटोशॉप हाय ना तुमच्याकडं?" मी सांगायचे, नाही, पण दुसरं आहे, तेच काम करतं, फुकट आहे आणि चोरीचं नाही. 'फुकट' शब्द ऐकला की चेहरे उतरायचे. "नाई, कसं हाय बाई, घरचा एकुलता एक फोटो हाय," असं म्हणून पाकीट उचलायचे आणि राजन्नाकडे जायचे. जिथं फुकटचंच, तेही चोरून आणलेलं, पण ते कुणी बोलत नव्हतं! परक्यांचं जाऊ द्या. आमच्या विहाराच्या कमिटीनं जयंतीचा बॅनर राजन्नाला दिला. मी अध्यक्षांना रस्त्यात गाठून विचारलं. म्हणाले, "जयंतीचं काम हाय पोरी, त्याच्यात रिस्क नाई घेता येत. फुकटचं बियानं उगोलं तं उगोलं." हाच माणूस दर रविवारी माइकवर शील सांगायचा. मी घरी येऊन थयथयाट केला. बाबा शांतपणे म्हणाले, "लोकायले समजंल एक दिवस. आपन आपलं नीट ठिवाव." मला ते खरं वाटलं. अख्खं आदिलाबाद एका बाजूला आणि आम्ही बापलेक एका बाजूला, असं मला वाटायचं आणि खरं सांगते, त्यात एक ऐट होती.

माय पावसाळ्यात गेली. ताप आला, सरकारी दवाखान्यात नेलं, ती घरी आलीच नाही. याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. घर भरलं, कुणीकुणी भाकरी आणून ठेवत होतं, समोरच्या मास्तरीणबाईंनी चिंचेचा भात पाठवला होता तो तसाच आंबून गेला. पुण्यानुमोदनाचा दिवस ठरला. विहारातून भन्तेजी येणार, तामसीहून सगळे येणार. मांडायला फोटो पाहिजे. आणि तेव्हा कळलं की ज्या घरात लोकांच्या मेलेल्या माणसांचे फोटो तयार झाले, त्या घरात मायचा एकही धड फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की ती पदर ओढून चुलीपाशी जायची.

एक सापडला. मिलिंदच्या बहिणीच्या लग्नातला, मागच्या रांगेत उभी, पुढच्या माणसाच्या खांद्यानं तोंडाचा खालचा भाग झाकलेला. कपाळ मात्र होतं, डोळे होते आणि ती भुवई वर गेलेली. मी तो स्कॅन केला आणि बसले. दिवसभर बसायचे. लोक येऊन जाऊन म्हणायचे, बापा, या पोरीला रडूही येत नाही. मी मायला खांद्यामागून बाहेर काढत होते. हनुवटी कुठून आणायची? आरशात बघितलं तर माझीच होती, हुबेहूब. स्वतःचा फोटो काढून ती घेतली, रंग सावळा केला, सुरकुत्या दिल्या आणि त्यावर आठवून आठवून तीन ठिपके ठेवले. मधला थोडा डावीकडे सरकलेला होता. लुगडं तेच ठेवलं, हिरवं, किनारीला विटलेलं. झाल्यावर मी पहिल्यांदा रडले, कारण पडद्यावर माय होती. फोटोतली नव्हे हो, घरातली. आता म्हणेल, तुहं कुत्रं झोपलं का. प्रिंट काढून आणली, साधी चौकट केली, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली. बाबांना सकाळी दाखवू म्हटलं.

सकाळी मी सतरंज्या अंथरत होते. बाबा बाहेरून आले. हातात भली मोठी सोनेरी चौकट, राजन्नाच्या दुकानाच्या पिशवीत.

"हे जरा पुसून मांड," म्हणाले. "पाव्हने येऊन राह्यले."

मी पिशवी काढली. आत एक बाई होती. गोरीपान, गाल गुलाबी, जांभळी रेशमी साडी, गळ्यात ठुशी. त्याच लग्नातल्या फोटोवरून केलेली, बाबांनी दुसरी प्रत कुणाकडून तरी नेली असणार. हनुवटी भलत्याच कुणाची. भुवया दोन्ही एका रेषेत. कपाळ स्वच्छ, त्यावर टिकली.

"बाबा, मी केलाय. कपाटात आहे. बघा तरी."

"तुह्यावाला घरात ठिव. हा लोकायसमोर मांडाचा हाय."

"हा चोरीच्या फोटोशॉपवर केलाय. तुम्हीच सीडी परत केली होती. मला घेऊन गेला होता तुम्ही!"

"आज नोको, सुजाता."

"मग कधी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते. "जनमभर तिच्यावर काई खर्चलं नाई मी," म्हणाले. "वांगे बी वापस केले. आता मेल्यावर बी तिले फुकटचंच देऊ काय?"

झालं. एवढंच वाक्य. परवानगीचा मजकूर ओळ न् ओळ ऐकणारा माणूस, 'हे दिलेलं आहे' म्हणून तूप वाढायला लावणारा माणूस. त्याच्याही पोटात तेच होतं जे अध्यक्षांच्या होतं, जे सगळ्या आदिलाबादच्या होतं. फुकटचं म्हणजे हलकं. माझं काम, पोरीचं काम आहे म्हणून नव्हे, फुकटच्या हत्यारानं केलंय म्हणून हलकं. लोकांच्या कोटांसाठी चालेल, खऱ्या वेळेला नको. माझ्या बाजूला कोणीच नव्हतं. कधीच नव्हतं.

मी चौकट पुसली आणि मांडली. लोक आले, मेणबत्त्या लागल्या. "काय फोटो हाय! एकदम हिरोइनवानी," असं चार बायका म्हणाल्या. माय जिच्याबरोबर कापूस वेचायची ती गयामावशी तामसीच्या बसनं आली होती. ती फोटोजवळ गेली, कपाळावरून बोट फिरवून म्हणाली, "अन् गोंदन कुठी गेलं व?" बाबा पंखा लावायला उठले. भन्तेजींनी शील दिलं. दुसऱ्या शीलाला मी तोंड बंद ठेवलं. बाबा नेहमीप्रमाणे थांबून, स्पष्ट म्हणाले.

दुकान मी बंद केलं. पुढं शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले, आता चाळिशी उलटली तरी तेच करते. लॅबमध्ये तेच गिंप आहे, पोरं त्यावर एकमेकांना मिशा लावतात आणि मला कुणी विचारत नाही की मॅडम, हे फुकटचं का? आता सगळंच फुकट झालंय, फोनवर बोट फिरवलं की गाल गुलाबी होतात, गोंदणं जातात. दर वर्षी त्या जांभळ्या साडीतल्या बाईपुढं मेणबत्ती लागायची. बाबा हात जोडायचे, मी स्वयंपाकघरात असायचे. मिलिंदची मुलगी एकदा म्हणाली, आज्जी किती गोरी होती! बाबा मेणबत्तीची वात नीट करत राहिले.

मग बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून घरी आणलं, खुर्चीत बसवलं. ते इकडे तिकडे बघून खूश, भिंतीचा रंग उडालाय म्हणाले, माझे केस पिकलेत म्हणाले. आणि मग समोर बघत राहिले. चौकटीकडे. मी चहा आणून ठेवला, तो निवला.

"हे ते नाई," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "आता दिसलं का?"

त्यांनी निवलेला चहा बाजूला सारला. मग म्हणाले, "तुह्यावाला कुठी हाय?"

"कपाटात. खालच्या कप्प्यात."

"दे."

"नाही."

बस, इतकंच बोलणं. मी त्यांना समजावलं नाही, त्यांनी कारण विचारलं नाही. मान हलवली, कचेरीत अर्जात काही कमी निघालं की हलवायचे तशी. त्यानंतर त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. लोकांना वाटेल मी पश्चात्तापानं लिहीत आहे. मुळीच नाही. मला तो दिवस अजून जसाच्या तसा आठवतो, राजन्नाच्या पिशवीसकट, आणि अजून राग येतो.

मागच्या थंडीत बाबा गेले. त्यांचा फोटो मीच केला. कोट घातला नाही. कानावरचे केस ठेवले, नाकाजवळचा मस ठेवला, कचेरीतला पांढरा शर्ट. त्या जांभळ्या साडीवालीच्या शेजारी लावला. राहू दे तिच्याच शेजारी, त्यांनीच आणली होती.

मायचा फोटो अजून खालच्या कप्प्यात आहे, त्याच वर्तमानपत्रात. ऑपरेशननंतर बाबा कितीतरी काळ होते. मी शाळेत जायचे, ते दिवसभर घरात एकटे. कपाट त्यांच्या खाटेपासून हाताच्या अंतरावर. त्याला कुलूप नाही, कधीच नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. संध्याकाळी आल्यावर पर्स ठेवायच्या आधी मी कप्पा उघडून बघायचे. कागदाची घडी मी जशी घातली होती तशीच. वर धूळही तशीच. मी दिलेला नव्हता, म्हणून त्यांनी हात लावला नव्हता. माझ्या बापानं आयुष्यात एकदा तरी चोरी करायला पाहिजे होती.